बशीचे कुळ शोधणारा पंडित

लोणी काळभोरहून मी रोज बसने पुण्यास महाविद्यालयात येतो. पहिल्या वर्षी वर्गातील काहींनी माझ्या गावच्या बोलीची थट्टा केली. तेव्हापासून मी घरीही ‘बशी’ला सॉसर म्हणू लागलो. आजी काही बोलली नाही. नुसती पाहत राहिली. पुढे ग्रंथालयात बडोद्याहून १९३६ मध्ये निघालेले एक इंग्रजी भाषांतर हाती आले आणि माझी मलाच शरम वाटली.

मूळ पोर्तुगीज ग्रंथाचे कर्ते मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. त्यांचा जन्म ८ मे १८५५ रोजी बार्देशातील आसगावी झाला. १८८१ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि रोमला जाऊन कायद्याचे पंडित होऊन परतले. धर्मकार्यासाठी ते श्रीलंकेपर्यंत फिरले. तेथील पोर्तुगीज बोलीवरही त्यांनी पुस्तक लिहिले. गोव्यातील अनेक सुशिक्षित घरच्या कोकणीला हलकी समजत असताना त्यांनी १८९३ मध्ये तिचा कोश सिद्ध केला. लिस्बनला गेल्यावर त्यांनी १८९७ मध्ये हितोपदेश पोर्तुगीजमध्ये आणला आणि १९०७ पासून तेथे संस्कृत शिकवले.

१९१३ च्या त्या ग्रंथात सुमारे ५० आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा माग आहे. पोर्तुगीज ‘बासिया’ म्हणजे हातपाय धुण्याचे तस्त. आपल्याकडे येता येता ते चहाच्या बशीएवढे झाले! लाकडी ‘गामेला’चे घमेले झाले. गोव्यातील ‘कुलेर’ म्हणजे पोर्तुगीजांचा चमचा. त्याच्या फ्रेंच आणि स्पॅनिश भावंडांचे मूळही शंखशिंपल्यावरून पडलेल्या एका लॅटिन शब्दात आहे. कोणत्याच भाषेशी नाते न सांगणाऱ्या बास्कनेही शेजाऱ्यांकडून ‘कोइलारा’ उचललाच. ताटावाटीत कोणतीच भाषा सोवळी राहत नाही, हेच खरे.

उतारवयात आजाराने त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. तरीही खुर्चीत बसून त्यांनी आशियाई शब्दांच्या मोठ्या कोशाचे दोन खंड १९१९ व १९२१ मध्ये पुरे केले. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बन येथे त्यांचे देहावसान झाले.

ज्या शब्दाची मला लाज वाटली, त्याचे कुळ शोधण्यात या विद्वानाने आयुष्य वेचले होते. त्या संध्याकाळी घरी येऊन मी आजीकडे चहा मागितला, तोही बशीत ओतून. आजी हसली. तिला दालगादो ठाऊक नव्हते; पण शब्द मात्र तिनेच जपला होता.