कॅप्टन आर्थर रॉस्ट्रन

आर्थर रॉस्ट्रन यांचा जन्म १८६९ साली इंग्लंडमधील बोल्टन येथे झाला. लहान वयातच ते 'कॉन्वे' या प्रशिक्षण-जहाजावर दाखल झाले. १८९५ मध्ये त्यांनी क्यूनार्ड कंपनीची नोकरी स्वीकारली आणि जानेवारी १९१२ मध्ये 'कार्पेथिया' या प्रवासी जहाजाचे कप्तानपद त्यांच्याकडे आले.

त्याच वर्षी १५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर 'टायटॅनिक' हिमनगावर आदळल्याचा बिनतारी संदेश कार्पेथियावर आला. रॉस्ट्रन नुकतेच निजले होते. त्यांनी प्रथम जहाज वळविण्याची आज्ञा दिली आणि मगच संदेशाची खातरजमा करून घेतली. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

त्यांच्या हिशेबाने अंतर सुमारे ५८ सागरी मैल होते. सारी वाफ यंत्रांना मिळावी म्हणून त्यांनी प्रवाशांच्या खोल्यांतील ऊब बंद करविली. जहाजावर तीन डॉक्टर होते. प्रत्येकाला एकेक भोजनगृह नेमून दिले. गरम कॉफी, सूप व कांबळी सज्ज झाली. नौका बाहेर काढून ठेवल्या. शिड्या, दोर आणि लहान मुलांना वर ओढून घेण्यासाठी कॅनव्हासच्या पिशव्याही तयार ठेवल्या. आपल्या प्रवाशांनी खोल्यांतच राहावे, गडबड होऊ नये, यासाठी मार्गिकांत सेवक उभे केले. एवढी व्यवस्था त्यांनी केली ती बचावलेला एकही माणूस दृष्टीस पडण्यापूर्वीच!

मात्र मार्गात हिमनग होते. कार्पेथियावर स्वतःचेच सातशेहून अधिक प्रवासी होते. वेग वाढविणे म्हणजे त्यांचे प्राण पणाला लावणे. रॉस्ट्रन यांनी वेग कमी केला नाही. पहाऱ्यावरील माणसे तेवढी वाढविली आणि हिमनग चुकवीत जहाज पुढे नेले.

पहाटे चारच्या सुमारास पहिली नौका सापडली. टायटॅनिक त्यापूर्वीच, दोन वाजून वीस मिनिटांनी बुडाले होते. सकाळी साडेआठच्या सुमारास शेवटच्या नौकेतील माणसे वर आली. सातशेंहून अधिक जीव वाचले. सुमारे पंधराशे माणसांसाठी मात्र ही धाव अपुरी ठरली. आपला नियोजित प्रवास सोडून रॉस्ट्रन यांनी वाचलेल्यांना १८ एप्रिल रोजी न्यूयॉर्कला पोहोचविले.

अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांना सुवर्णपदक दिले. १९२६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. कार्पेथिया मात्र १९१८ मध्येच, पहिल्या महायुद्धात, जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली होती. १९४० साली रॉस्ट्रन यांचे निधन झाले.