सरनोबत प्रतापराव गुजर

चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून आपणा सर्वांस परिचित आहे. इ.स. १६६६ मध्ये पन्हाळ्याच्या मोहिमेत ते वेळेवर पोहोचले नाहीत, म्हणून शिवरायांनी त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी प्रतापराव गुजर सरनोबत झाले. त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी केवळ अखेरच्या दिवसापुरते वाचू नये, असे आम्हांस वाटते.

त्यांचे मूळ नाव कुडतोजी. साताऱ्याकडील भोसरे हे त्यांचे गाव. प्रतापराव हा शिवरायांनी दिलेला किताब. १६७२ मध्ये साल्हेर येथे त्यांनी व मोरोपंत पिंगळे यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेचा उघड्या मैदानात पराभव केला.

१६७३ मध्ये उमराणीजवळ त्यांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचे पाणी तोडले. तहानेने व्याकूळ झालेला खान शरण आला आणि प्रतापरावांनी त्यास जाऊ दिले. खानाने मात्र पुन्हा स्वराज्याविरुद्ध शस्त्र धरले. शिवरायांनी कठोर शब्दांत जाब विचारला. खानाचा पराभव केल्याखेरीज भेटीस येऊ नये, असे बजावले.

ते बोल प्रतापरावांच्या जिव्हारी लागले. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरी येथे, आपल्या सैन्याची वाट न पाहता, अवघ्या सहा स्वारांनिशी ते खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण धारातीर्थी पडले. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या सहा नावांत सिद्दी हिलाल हेही एक आहे. पुढे हंबीरराव मोहिते सरनोबत झाले. शिवरायांनी प्रतापरावांची कन्या जानकीबाई आपली सून करून घेतली. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तो पाहण्यास प्रतापराव उरले नव्हते.

याच रायगड जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरील मानवी हक्क बजावला. पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे आमच्या पूर्वजांनी सोसले आहे. तहानलेल्या शत्रूस जीवदान देणाऱ्या सेनापतीच्या करुणेस आम्ही दोष देणार नाही. परंतु बाबासाहेबांनी करुणेच्या आधी प्रज्ञा आणि शील सांगितले. उमराणीस करुणा होती, नेसरीस शौर्य होते. दोन्ही वेळी प्रज्ञा मागे राहिली. सेनापतीचा प्राण त्याच्या एकट्याचा नसतो. त्यावर सबंध सैन्याचा भार असतो. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रतापरावांस वंदन करावे आणि नेसरीइतकीच उमराणीही ध्यानात ठेवावी.