लीझ माइटनर : शास्त्रज्ञ, युद्धातील परिचारिका, शिक्षिका

लीझ माइटनर यांचा जन्म नोव्हेंबर १८७८ मध्ये व्हिएन्ना येथे एका यहुदी कुटुंबात झाला. आठ भावंडांत ती तिसरी. वडील फिलिप वकील होते. यहुद्यांना त्या शहरात वकिली करायची मुभा मिळाली, त्या पहिल्या काही वकिलांतले ते एक. घरात पुस्तके आणि संगीत भरपूर होते, धर्माचे आचार मात्र बेताचेच.

त्या काळी ऑस्ट्रियात मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपत असे. लीझला गणित आणि पदार्थविज्ञान हवे होते. आधी पोटापाण्याची सोय हवी असे वडिलांचे मत, म्हणून तिने फ्रेंच शिकविण्याची परीक्षा दिली. १८९७ मध्ये विद्यापीठ मुलींना खुले झाले. आठ वर्षांचा अभ्यास तिने खासगी शिकवणी लावून दोन वर्षांत उरकला. प्रवेश परीक्षेला चौदा मुली बसल्या, चार पास झाल्या, त्यांत ती होती. १९०६ मध्ये पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळाली, तरी काम मिळाले ते मुलींच्या शाळेत. दिवसा वर्ग घ्यायचा आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत जायचे.

१९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांच्याबरोबर किरणोत्सर्गावर काम करू लागल्या. त्या संस्थेत बायकांना मज्जाव होता. तळघरात सुताराची एक जुनी खोली होती, तिला बाहेरून वेगळे दार होते; तिथे बसण्याची परवानगी मिळाली. वरच्या मजल्यावर जायचे नाही. शौचालयासाठी रस्त्यावरच्या उपाहारगृहात जावे लागे. पगारही नव्हता, घरून येणाऱ्या पैशांवर भागवायचे.

१९०८ मध्ये त्यांनी प्रोटेस्टंट ख्रिस्ती म्हणून बाप्तिस्मा घेतला. मग आपल्या पुस्तिकेत त्या कशा, असे कोणी वडीलधारे विचारतील. विचारावे. तीस वर्षांनी नाझींनी हाच प्रश्न सोडवताना बाप्तिस्म्याकडे पाहिले नाही, आजी-आजोबा कोण एवढेच पाहिले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर लीझबाईंनी शरीररचना आणि क्ष-किरण यांचे शिक्षण घेतले आणि १९१५ च्या उन्हाळ्यात त्या ऑस्ट्रियन सैन्यात क्ष-किरण परिचारिका म्हणून रुजू झाल्या. पूर्व आघाडीवर लेम्बर्ग येथे (आजचे युक्रेनमधील ल्विव) त्यांचे इस्पितळ होते. गोळी शरीरात नेमकी कुठे अडकली आहे, हाड कुठे मोडले आहे, हे शल्यचिकित्सकाला आधी दाखवून द्यायचे, म्हणजे उगाच चिरफाड होत नाही. शिवाय शस्त्रक्रियेत मदत करायची, बिघडलेली विजेची यंत्रे दुरुस्त करायची. त्या फौजेत अनेक भाषांचे शिपाई होते; कितीतरी जखमींशी परिचारिकेला नीट बोलताही येत नसे. डोळ्यांसमोर जे पाहिले, त्यानंतर युद्धाच्या गौरवगाथा त्यांना कधी रुचल्या नाहीत. १९१६ मध्ये त्या बर्लिनला परतल्या. हान तेव्हा जर्मन सैन्याच्या विषारी वायूच्या तुकडीत होते, म्हणून प्रयोगांचा बराच भार लीझबाईंनीच उचलला. त्यातून १९१८ मध्ये प्रोटॅक्टिनियम हे मूलद्रव्य जगापुढे आले.

विद्यापीठात शिकविण्याचा हक्क मिळाला तो १९२२ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. पहिले व्याख्यान विश्वातील घडामोडी आणि किरणोत्सर्ग यांवर होते. वर्तमानपत्राने ‘कॉस्मिक’च्या जागी ‘कॉस्मेटिक’ छापले! बाई बोलणार म्हणजे पावडर-लालीवरच बोलणार, असे कोणाला वाटले असावे. १९२६ मध्ये त्या प्राध्यापक झाल्या. जर्मनीत पदार्थविज्ञानाची ही पहिली महिला प्राध्यापक. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि हा हक्क काढून घेण्यात आला. अकरा वर्षे, बस. संशोधन मात्र करू दिले, कारण त्या ऑस्ट्रियन नागरिक होत्या. आइन्स्टाइनसारखे अनेक जण देश सोडून गेले. लीझबाई राहिल्या.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि त्यांच्या पासपोर्टला किंमत उरली नाही. १३ जुलै रोजी डच शास्त्रज्ञ डर्क कोस्टर यांच्या सोबतीने त्या आगगाडीने सरहद्द ओलांडून हॉलंडमध्ये गेल्या. पर्समध्ये दहा मार्क होते, आणि हान यांनी दिलेली त्यांच्या आईची हिऱ्याची अंगठी, वेळ पडली तर पहारेकऱ्याला द्यायला. वय एकोणसाठ. पुढे स्टॉकहोमला जागा मिळाली, पण साधने नाहीत, मदतनीस नाहीत.

त्याच वर्षी नाताळच्या सुट्टीत भाचा ओटो फ्रिश त्यांना भेटायला स्वीडनमधील कुंगएल्व्ह गावी आला. त्याचे वडील, म्हणजे लीझबाईंचे मेहुणे, तेव्हा डाखाऊच्या छळछावणीत होते. अशा मनःस्थितीत दोघे बर्फातून फिरायला निघाले. हान यांचे पत्र आले होते: युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला तर बेरियम मिळते, हे कसे? एका ओंडक्यावर बसून मावशी-भाच्याने कागदावर हिशेब मांडला. अणुगर्भ पाण्याच्या थेंबासारखा लांबतो आणि दुभंगतो. दोन तुकड्यांचे मिळून वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी भरते, आणि तेवढ्याची ऊर्जा होते सुमारे वीस कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट. दोन्ही बाजू जुळल्या. फेब्रुवारी १९३९ मध्ये हा खुलासा ‘नेचर’मध्ये छापून आला.

अणुबॉम्बच्या कामाचे बोलावणे आले, ते त्यांनी साफ नाकारले. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मात्र एकट्या हान यांना मिळाले. हा अन्यायच होता. पण माझ्या मते त्यांना त्याहून खोल लागलेली गोष्ट दुसरी होती. जून १९४५ मध्ये, छावण्यांत काय घडले ते कळल्यावर, त्यांनी हान यांना पत्र लिहिले. तुम्ही सर्वांनी नाझी जर्मनीसाठी काम केले, थोडासाही विरोध केला नाही, असे त्यात होते. १९३३ मध्येच जर्मनी सोडली नाही, हा दोष त्यांनी स्वतःलाही दिला. ते पत्र हान यांच्या हाती पडलेच नाही. तरी मैत्री त्यांनी तोडली नाही.

१९४६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका विद्यापीठात त्यांनी काही महिने पुन्हा वर्ग घेतले. १९६० मध्ये त्या भाच्याजवळ केंब्रिजला राहायला आल्या. २७ ऑक्टोबर १९६८ रोजी, नव्वदीला काही दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. त्याच जुलैत हान वारले होते, पण घरच्यांनी ते त्यांना सांगितले नव्हते. इंग्लंडमधील ब्रॅम्ली गावी धाकटा भाऊ वॉल्टर याच्या शेजारी त्यांना पुरले आहे.

मुलांनी शाळेतल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात १०९ क्रमांक काढून पाहावा. तिथे १९९७ पासून माइटनेरियम आहे. १०५ व्या मूलद्रव्याला हानियम हे नाव सुचविले होते. ते टिकले नाही, तिथे आता डुब्नियम आहे.