राजनांदगावचा प्रवासी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर मराठी पुरुषाचे चरित्र लिहावे, असे ठरले तेव्हा अनेक नावे आमच्या मनात येऊन गेली. त्यांतील बहुतेकांची चरित्रे आपण शाळेत वाचली आहेत आणि गणेशोत्सवातील व्याख्यानांतून ऐकलीही आहेत. मग आम्ही एक साधा विचार केला. आपण राहतो ते कोहका. येथून दुर्ग ओलांडून पश्चिमेस निघाले की दुर्गपासून सुमारे 30 किलोमीटरवर राजनांदगावचे स्टेशन लागते. नागपूरला, पुण्याला, मुंबईला जाताना आपण सर्वांनी ते किती वेळा मागे टाकले असेल, ह्याची गणती नाही. त्याच राजनांदगावला निघालेल्या आगगाडीत एका मराठी कवीच्या आयुष्याला विलक्षण वळण लागले. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक हेच ते प्रवासी.

टिळकांनी धर्म बदलला. ते योग्य की अयोग्य, ह्या वादात आम्हांस येथे शिरावयाचे नाही. बाहेरून आलेल्या एका संस्थेला, म्हणजे चर्चला, त्यांनी ह्या भूमीशी बरोबरीचे आणि आदराचे नाते कसे जोडावे हे शिकविले. दूरदेशी संसार मांडून बसलेल्या आपणां सर्वांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली, तर वडील वामनराव शीघ्रकोपी. मुलाचा सारा ओढा आईकडे. ती बालपणीच गेली आणि नारायणाचे घरावरचे मन उडाले. घर सोडून तो नाशिकला आला. तेथे वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले ह्यांच्याकडे त्याने संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण फारसे झाले नाही. परंतु संस्कृत काव्य मुखोद्गत आणि मराठी संतवाणी अंगी मुरलेली, अशी त्यांची तयारी झाली.

1880 च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. ह्याच पुढे स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. संसार मांडला खरा, परंतु टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज ह्या गावी शिक्षक, तर उद्या त्या गावी पुराणिक. कधी न सांगता निघून जावे, कधी हातचा पैसा दुसऱ्यास देऊन मोकळे व्हावे. पुढे नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादनाचे काम मिळाले. ह्याच काळात जातिभेदाचा त्यांना तीव्र उबग आला. ईश्वर सर्वांचा पिता आणि माणसे सारी भावंडे, एवढ्या पायावर एखादा नवा धर्मच उभारावा, असे विचार त्यांच्या मनात घोळू लागले.

1893 च्या सुमारास राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली म्हणून टिळक नागपूरहून रेल्वेने निघाले. डब्यात एक परदेशी मिशनरी गृहस्थ होता. त्याने ह्या तरुण ब्राह्मणाला आदराने जागा दिली आणि संभाषण सुरू केले ते संस्कृत काव्याविषयी. कवितेवरून गोष्ट धर्मावर गेली. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. वचन दिले म्हणून टिळक हाती पेन्सिल घेऊन ते पुस्तक वाचू लागले. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथेच गुंतले.

ह्या भेटीचा विचार करताना आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या परक्या माणसाने समोरच्याच्या श्रद्धेची निंदा करून आरंभ केला नाही. त्याच्या भाषेतील उत्तम काव्याचा मान राखून केला. टिळकांचे मन आधी उघडले ते ह्या आदरामुळे. आणि पुढील साऱ्या आयुष्यात ते चर्चकडे हाच आदर मागत राहिले.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनमध्ये, रेव्हरंड तुकाराम नथोजी ह्या भारतीय पाळकाच्या हातून टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत घरच्यांनी मोजली. लक्ष्मीबाईंना हा वज्राघातच होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माहेरच्या माणसांच्या आधाराने पंढरपूर, जलालपूर असे दिवस कंठीत राहिल्या. पतिपत्नींची ही ताटातूट चार-पाच वर्षे टिकली. टिळकांच्या मोठेपणाचे वर्णन करताना ह्या माउलीच्या आसवांचा विसर पडणे बरे नव्हे. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, परंतु धर्म बदलून नव्हे. त्यांचे सोवळेओवळे चालूच होते आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्यांचा विचार त्यांच्याच गतीने बदलला आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे टिळकांचे कर्मक्षेत्र ठरले. अमेरिकन मिशनचे काम तेथे 1831 पासून चालू होते. शाळा होत्या, दवाखाने होते. 1899–1900 च्या भीषण दुष्काळात मिशनने अनाथ मुलांना आश्रयही दिला. हे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु देणारा सदैव परका आणि घेणारा सदैव आपला, अशी स्थिती राहिली की देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची मान खाली, असेच नाते तयार होते. नगरकडील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार-मांग कुटुंबांतून आलेला. शतकानुशतके गावकुसाबाहेर राहिलेल्या ह्या माणसांना मिशनने अक्षर दिले. पण त्याबरोबर साहेबी रीतच खरी ख्रिस्ती रीत, असा समजही त्यांच्यात रुजू लागला. चाली विलायती, शब्द भाषांतरित, वाद्य परके. शेजारच्या हिंदू माणसाला ती उपासना म्हणजे परमुलखातील व्यवहार वाटे.

टिळकांनी ह्या ठिकाणी हात घातला. ख्रिस्ताला महाराष्ट्रात यावयाचे असेल तर त्याने मराठी बोलले पाहिजे, आणि तेही अभंगाचे मराठी, असा त्यांचा आग्रह होता. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. टाळ-मृदंग घेऊन भजन करावे, कीर्तनास उभे राहावे, ओवी-अभंगांत प्रार्थना रचाव्यात, हा मार्ग त्यांनी प्रशस्त केला. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात नगरकडे आधीच केलेली होती. टिळकांनी तिला प्रतिभेचे बळ दिले. मराठी चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या उपासना संगीत ह्या संग्रहात त्यांची गीते अडीचशेच्या आसपास आहेत. पूर्वी पाळकाने सांगावे आणि मंडळीने निमूट ऐकावे. आता अक्षरशत्रू म्हातारीही अभंगाचे धृपद उचलून धरू लागली. ज्याला आपल्या जिभेवरचे गाणे मिळते, तो नुसता ऐकणारा राहत नाही.

परंतु हे केवळ गाण्यापुरते नव्हते. चित्पावन घरात वाढलेले टिळक महार-मांगांच्या पंगतीस बसले आणि त्यांची मुले आपल्या घरी वाढवू लागले. मिळकत बेताची, तरी अनाथ मुले, विद्यार्थी आणि पाहुणे ह्यांनी घर सदैव भरलेले असे. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात चमकलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, हाही ह्याच घरात काही काळ राहिला. तो हिंदूच राहिला आणि टिळक दांपत्याने त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. ज्या घरात माणसाचा धर्म न विचारता त्याला वाढले जाते, ते घर शेजाऱ्यांना परके वाटत नाही.

1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1842 पासून चालत आलेल्या ज्ञानोदय ह्या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी 1912 पासून अखेरपर्यंत केले. ख्रिस्ती होणे म्हणजे देशाला पारखे होणे नव्हे, हे ते सतत सांगत आणि देशभक्तीची कविता लिहून दाखवूनही देत. साहजिकच त्यांची स्थिती अवघड झाली. जुन्या आप्तांच्या लेखी ते बाटलेले. मिशनमधील काहींच्या लेखी ते अद्याप पुरते ख्रिस्ती न झालेले. दोन्हीकडचा संशय सोसून ते मधोमध उभे राहिले. दोन समाजांना जोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुधा हेच येते.

1917 मध्ये त्यांनी अखेरचे पाऊल उचलले. मिशनची पगारी सेवा सोडली, ख्रिस्ती संन्यासी झाले आणि सातारा येथे देवाचा दरबार नावाचा बंधुसंघ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या माणसाने आपल्या लोकांत, आपल्या घरात राहून सेवा करावी, असा त्यामागील हेतू. परदेशी पैसा नाही, परदेशी अधिकार नाही. मिशनरी मित्रांशी त्यांनी वैर केले नाही. मैत्री राहिली, अवलंबन तेवढे सुटले. मदत करणाऱ्याने एके दिवशी बाजूला व्हावे आणि मदत घेणाऱ्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे, हाच खऱ्या सेवेचा शेवट होय, असे आम्हांस ह्यावरून वाटते.

हा प्रयोग वाढण्यास दैवाने अवधी दिला नाही. प्रकृती ढासळली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. त्यांनी आरंभिलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एके काळी धर्मांतराच्या दुःखाने खचलेल्या त्या बाईने पतीचे अपुरे काम हाती घेतले. टिळकांचे चरित्र लिहिणाऱ्या जे. सी. विन्स्लो ह्या इंग्रज पाद्र्याने 1922 मध्ये नगरला ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. तेथे इंग्रज आणि भारतीय बरोबरीने, साध्या देशी रीतीने राहत. पेरलेले बी असे उगवले.

आता थोडे आपल्याविषयी. आपणही ह्या भूमीत बाहेरून आलो. 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे जमली. त्यांत आपली मराठी माणसेही होती. आपण गणपती बसविला, नाटके केली, मुलांना मराठी शिकविले आणि पन्नास वर्षे हे मंडळ टिकविले. ह्याचा अभिमान जरूर असावा. परंतु ज्या छत्तीसगढी माणसांच्या गावांत आणि शेतांत ही वसाहत उभी राहिली, त्यांच्याशी आपले नाते काय? ते आपल्या मंडपात येतात ते मांडव घालावयास, की पाहुणे म्हणून? ह्याचे उत्तर देताना आमचीच मान खाली जाते. नोकरीची तीस वर्षे ह्या मुलखात काढूनही आम्हांस छत्तीसगढीत चार वाक्ये नीट बोलता येत नाहीत.

महाभारत सांगणारी येथली पंडवानी आणि आपले कीर्तन ही सख्खी भावंडेच होत. येत्या उत्सवात पंडवानीच्या गायकाला सन्मानाने व्यासपीठावर बसवावे, शेजारच्या वस्तीतील कुटुंबांना पहिल्या रांगेत आसन द्यावे आणि त्यांच्या बोलीत दोन शब्द बोलण्याचा यत्न आपण करावा, एवढीच आमची मंडळास नम्र सूचना आहे. पुढल्या खेपेस गाडी राजनांदगावला थांबेल तेव्हा खिडकीतून त्या फलाटाकडे क्षणभर पाहावे. एका अनोळखी सहप्रवाशाला आदराने दिलेल्या जागेतून केवढे कार्य उभे राहिले, हे आपल्या मुलाबाळांनाही सांगावे.