नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस (१८५९–१९३६) हे भारतीय भूचुंबकत्वशास्त्रज्ञ व मुंबईतील कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक होते. अलिबागची चुंबकीय वेधशाळा त्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली.

मुंबईच्या पारशी समाजातील मूस यांचे उच्च शिक्षण एडिनबरा विद्यापीठात झाले. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्या निधनानंतर ते संचालक झाले आणि १९१९ पर्यंत त्या पदावर राहिले.

== कुलाब्यातील नोंदी ==
कुलाब्यात १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे मापन होत असे. आरंभी निरीक्षक ठरावीक वेळी वाचन घेत. पुढे छायाचित्रण पद्धत आली. टांगलेल्या चुंबकाला जोडलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण फिरत्या संवेदनशील कागदावर पडे. त्यामुळे दोन वाचनांमधील क्षणिक बदलही रेषेच्या रूपाने उमटत.

== अलिबाग वेधशाळा ==
मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर या नोंदी धोक्यात आल्या. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहामुळे सूक्ष्म चुंबकीय बदल झाकले गेले असते. मूस यांनी समुद्रापलीकडील अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारली. तिच्या बांधकामात लोखंड टाळून अचुंबकीय पोरबंदरी दगड वापरण्यात आला. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापन झाले. त्यांतील फरक कळल्यामुळे जुनी व नवी मालिका जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये सुरू झाली.

== संशोधन ==
१८४६ ते १९०५ या ६० वर्षांच्या नोंदींचे संकलन व विवेचन मूस यांनी दोन भागांत केले. हा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. चुंबकीय वादळाच्या आरंभापासून काळ मोजून अनेक वादळांची सरासरी काढण्याचा आरंभीचा प्रयत्न त्यात आहे. सिडनी चॅपमन यांनी पुढे ही पद्धत विस्तारली.

== वारसा ==
मूस यांच्या जन्मवर्षीच, सप्टेंबर १८५९ मध्ये, आलेल्या कॅरिंग्टन वादळाची नोंद कुलाब्यात झाली होती. तिच्यावरून क्षितिजसमांतर घटकातील घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला असल्याचे २००३ मधील अभ्यासात दाखवण्यात आले. अलिबाग वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत आहे. कुलाबा व अलिबाग यांची सलग मालिका जगातील सर्वांत दीर्घ भूचुंबकीय मालिकांपैकी एक मानली जाते.