धर्मानंद कोसंबी : सांखवाळ ते हार्वर्ड

गोव्यातील सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले. माडांच्या बागायतीत राबताना त्यांना बुद्धचरित्राची ओढ लागली आणि १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. मागे पत्नी व तान्ही मुलगी राहिली. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. १९०२ मध्ये श्रीलंकेस जाऊन पाली. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले.

१९२४ च्या ‘निवेदन’ या आत्मकथनात मात्र विद्वत्तेचा डौल नाही. घर सोडण्याचे फसलेले प्रयत्न, निराशा, मनाची चलबिचल त्यांनी त्यात लपवली नाही. ग्रंथ अभ्यासणाऱ्या कोसंबींनी स्वतःलाही तितक्याच कठोरपणे अभ्यासले. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.