मळा न सोडलेले सावतोबा

आमचं गाव माढा तालुक्यातलं. दर आषाढात गावातून दिंडी निघते, पण आमचे आप्पा कधीच वारीला गेले नाहीत. अकरावीत असताना मी त्यांना चक्क विचारलं होतं, की तुमची देवावर श्रद्धाच नाही का. आप्पा काही बोलले नाहीत, बैल घेऊन रानात गेले. आता आठवलं की लाज वाटते. कारण संत सावता माळी आमच्याच तालुक्यातले, आणि मला त्यांचं चरित्र धड माहीत नव्हतं.

सावतोबांचं गाव अरण, मोडनिंबजवळ. जन्म १२५० चा. वडील परसोबा, आई नांगिताबाई, पत्नी जनाई. ज्ञानेश्वर-नामदेवांचा तो काळ. पंढरपूर तिथून काही लांब नाही, तरी ते वारीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. मोट हाकायची, वाफ्यांना पाणी द्यायचं, खुरपायचं आणि तोंडाने नाम घ्यायचं. गेलो तर वाफे वाळणार, मग राखण कोण करणार? त्यांच्या अभंगांत भाजीपाला, विहीर, मोट यांतच विठ्ठल भेटतो. तीर्थ-व्रतांची गरज नाही, असंही ते स्पष्ट मांडतात. सातशे वर्षांपूर्वी हे बोलायला धाडसच हवं! अभंग आज थोडेच उरलेत, ते काशीबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून.

घरच्यांना हे सगळं गोड वाटत होतं असंही नाही. सासरची माणसं दारात आली तरी सावतोबा भजनात दंग, म्हणून जनाई चिडल्या, अशी एक कथा आहे. मला ती फार खरी वाटते.

दुसरी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांबरोबर निघालेला विठ्ठल वाटेत मळ्यात शिरला आणि लपव म्हणाला. सावतोबांनी खुरप्याने छाती उघडून त्याला आत ठेवलं. इंजिनिअरिंगच्या डोक्याला हे पटत नाही, मान्य. पण हातात खुरपंच होतं, हे मात्र पटतं.

१२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीला, अरणलाच त्यांनी देह ठेवला. सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपूरला येतात, पण इथे विठ्ठलाचीच पालखी अरणला जाते.

गेल्या सुट्टीत मी आप्पांना अरणला घेऊन गेलो. समाधीपुढे ते बराच वेळ डोकं टेकवून बसले. मी माफी मागायची ठरवली होती, शब्दच फुटेना. बाहेर आल्यावर आप्पांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, की चल लवकर, कोळपणी राहिलीय.